बाटलीतला बुळबुळीतपणा जात नाहीये? या चुका टाळा

पाण्याच्या बाटलीत आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, धुतली तरी चार दिवसांत परत तेच. बरेच जण म्हणतात शेवाळ धरलंय, पण शेवाळाला उजेड लागतो आणि हा थर तर स्टीलच्या बंद बाटलीत पार अंधारात पण धरतो. हा बायोफिल्म आहे, म्हणजे बॅक्टेरियांनी स्वतःभोवती बनवलेला चिकट थर.

होतं काय, तर पाण्यात सुटे फिरणारे बॅक्टेरिया आधी बाटलीला नुसते टेकतात, तेव्हा ते सहज निघूनही जातात. मग काही जण अंगावरच्या बारीक तंतूंनी पकड घेतात, आणि साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन, डीएनए असं बरंच काही बाहेर सोडतात, त्याचा एक चिकट गर तयार होतो आणि त्यात ते बाटलीला पण आणि एकमेकांना पण घट्ट चिकटून बसतात. आपल्या बोटाला लागतो तो हाच गर. थर जुना झाला की त्यातले काही सुटतात आणि पुढे दुसरीकडे जाऊन चिकटतात.

आता सगळ्यात मोठी चूक, न घासता नुसतं काहीतरी ओतून ठेवणं. गरम पाणी, व्हिनेगर, ब्लीच, जे मिळेल ते भरायचं, हलवायचं आणि ओतून टाकायचं. यात वरवरचे मरतात, आतले गरामुळे बऱ्यापैकी सुरक्षित राहतात, कारण ब्लीचमधलं क्लोरीन गराशीच रिअ‍ॅक्ट होऊन संपत जातं, आतपर्यंत पुरेसं पोचतच नाही. हे काही आजचं निरीक्षण नाही. सूक्ष्मदर्शकातून बॅक्टेरिया पहिल्यांदा बघणाऱ्या हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८३ च्या पत्रात दातांवरच्या थराबद्दल हेच लिहिलंय: व्हिनेगरने चूळ भरली तरी थरातले जीव जिवंतच, पण तोच थर खरवडून काढून व्हिनेगरमध्ये कालवला की मरतात. साडेतीनशे वर्षं होत आली, मुद्दा तोच आहे: आधी घासून थर फोडा, मग औषध. आणि उकळतं पाणी ओतून बॅक्टेरिया मेले तरी गर तसाच राहिला तर नवीन येणाऱ्यांना आयती जागा मिळते.

घासायचं कुठे, तर बाटलीच्या पोटापेक्षा झाकणात जास्त. झाकणातली रबराची रिंग सुरीच्या बोथट टोकाने किंवा टूथपिकने उचलून बाहेर काढा, तिच्या मागच्या खाचेत बघा, काळपट किंवा गुलाबीसर चिकट रेघ दिसेल. बाकी बाटली लख्ख आणि वास मात्र येतोय, असं असेल तर बहुतेक वेळा इथूनच येतो. सिपर असेल तर स्ट्रॉ आतून घासायला बारीक ब्रश हवाच, त्याशिवाय ते निघत नाही. लहान मुलांच्या बाटल्यांकडे तर खरंच जास्त लक्ष द्या, दूध, सरबत काही भरलं असेल तर थर फार लवकर धरतो.

प्लास्टिकच्या बाटलीला तारेची घासणी लावू नका, बारीक चरे पडतात आणि त्यात ब्रशचे केस पोचत नाहीत. बोअरचं पाणी असेल तर आत पांढरे क्षार जमतात, त्या खरखरीत थरावर पण बॅक्टेरियांना छान पकड मिळते, ते आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढा. पण हे नीट वाचा: लिंबूसत्त्व, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही ब्लीचबरोबर कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आधीचं पूर्ण खळबळून टाका, मगच दुसरं. आणि स्टीलच्या बाटलीत ब्लीच भरून ठेवूच नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात, तिला साबण, गरम पाणी आणि ब्रश पुरे. माठाला तर साबण पण नको, तो छिद्रांत शिरतो, काथ्याने खसाखसा घासा आणि उन्हात वाळवा.

अजून एक गैरसमज, घरी आरओ आहे म्हणजे काळजी नाही. पालिकेच्या नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. प्युरिफायरचा कार्बन फिल्टर नेमकं तेच काढून टाकतो, आणि त्यातल्या यूव्हीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा, परिणाम दिव्यासमोरून पाणी जाताना होतो तेवढाच, नंतर काही नाही. म्हणजे पाणी साफ असलं तरी साठवलेल्या पाण्यात बॅक्टेरियांना अडवणारं काही उरत नाही. त्यामुळे प्युरिफायरची टाकी आणि त्याच्या नळाचं तोंड पण साफ करावं लागतं, सर्व्हिसला माणूस आला की फक्त फिल्टर बदलून घेऊ नका, टाकी उघडून आतून साफ करून घ्या.

धुतल्यावर ओली बाटली झाकण लावून कपाटात ठेवायची सवय पण मोडा. बाटली, झाकण, रिंग वेगवेगळं उपडं ठेवून पूर्ण कोरडं होऊ द्या, शक्य असेल तर दोन बाटल्या आलटून पालटून वापरा म्हणजे एक नीट वाळते. तब्येत ठणठणीत असणाऱ्याला या थराने बहुतेक वेळा काही होत नाही, पण घरात तान्हं बाळ, केमो चालू असलेलं किंवा अवयव बदललेलं कोणी असेल तर बाटली रोज घासा, आणि चरे पडलेली, रिंग न निघणारी बाटली सरळ टाकून द्या.