इंटरनेट कंपनीने विकास बँकेकडे भांडवल कसे मागावे

युरोपीय पुनर्रचना व विकास बँक १९९१ मध्ये लंडन येथे सुरू झाली. साम्यवादी राजवटींतून बाहेर पडलेल्या मध्य व पूर्व युरोपाला बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे नेणे, हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे मध्य आशिया आणि तुर्कस्तानही तिच्या कार्यक्षेत्रात आले. डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवून देणाऱ्या पोलंडच्या डॉकप्लॅनर कंपनीत तिने गुंतवणूक केली आहे.

अर्जापूर्वी कंपनीचा व्यवसाय कोणत्या देशात चालतो, ते तपासावे. रशिया आणि बेलारूस यांना बँकेचा निधी २०२२ पासून बंद आहे. भारत २०१८ मध्ये भागधारक झाला, मात्र कर्जदार देश म्हणून नव्हे. त्यामुळे पुण्याच्या कंपनीला येथील कामासाठी निधी मागता येणार नाही, पण तिच्या उझबेकिस्तानातील उपकंपनीचा प्रकल्प मांडता येईल.

बँक प्रत्येक प्रकल्पाला तीन कसोट्या लावते: देशाच्या आर्थिक संक्रमणाला, म्हणजे बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे होणाऱ्या वाटचालीला, हातभार लागतो का, व्यवहार आर्थिकदृष्ट्या टिकाऊ आहे का, आणि बँकेवाचून हे भांडवल रास्त अटींवर मिळालेच नसते का. सर्वाधिक श्रम तिसऱ्या कसोटीवर घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण खासगी गुंतवणूकदाराची जागा अडवणे हे या बँकेचे कामच नव्हे. समजा, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथील एका कंपनीने अर्जात ‘आम्हाला विस्तारासाठी निधी हवा आहे’ एवढेच लिहिले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी, स्थानिक बँका जमीन किंवा इमारत तारण मागतात, आमच्याकडे तर संगणकप्रणाली आणि ग्राहकांखेरीज काही नाही, आणि परदेशी फंड कंपनीची नोंदणीच देशाबाहेर नेण्याची अट घालतात, असे लिहावे व नकाराची पत्रे आणि अटींचे मसुदे सोबत जोडावेत.

मालकीची साखळी शेवटच्या व्यक्तीपर्यंत उघड करावी. येथे संदिग्धता राहिली, तर बाकीची तयारी व्यर्थ जाते. बँक सहसा कंपनीत अल्पांश, म्हणजे निम्म्याहून कमी, हिस्सा घेते आणि कालांतराने तो विकून बाहेर पडते. म्हणून हा हिस्सा कोणाला विकता येईल आणि प्रथम खरेदीचा हक्क कोणाचा, हे करारावर सही करण्यापूर्वीच वकिलाकडून स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावे.