लिटरभर पाण्यातून माशांचा माग कसा काढावा

1839 साली कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर होता, म्हणजे आपला खडशी. त्याच्या शास्त्रीय नावातला 'खुद्री' हा शब्दही इथल्याच बोलीतून गेलाय. शहराच्या पात्रात आता तो सहसा दिसत नाही. पण वर, खडकवासल्याच्या मागे, आंबी-मोशीच्या डोहांत तो उरलाय का? जाळं न टाकता याचा शोध घेता येतो. मासा, बेडूक, कासव, खेकडा यांच्या अंगावरचा चिकट द्राव, विष्ठा, खवले, अंडी यांतून डीएनए सतत पाण्यात मिसळत असतो. पाणी गाळून त्यातला डीएनए वाचायचा, की तिथं कोण राहतं ते कळतं. याला पर्यावरणीय डीएनए किंवा ई-डीएनए म्हणतात. 2008 साली फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकी बुलफ्रॉग शोधायला ही पद्धत वापरली गेली आणि तिथून ती जगभर पसरली.

प्रयोगशाळेचं काम पैसे देऊन करून घेता येतं. नदीकाठचं काम मात्र स्वच्छ हातानं आणि शांतपणे करावं लागतं, आणि तिथं चुकलं तर पुढं कोणीच ते सावरू शकत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः काठाबद्दल आहे.

आधी प्रश्न, मग प्रयोगशाळा

'इथं काय काय आहे?' आणि 'इथं महसीर आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी एकाच जातीचा डीएनए शोधणारी चाचणी पुरते. ती तुलनेनं स्वस्त आणि जास्त संवेदनशील असते. पहिल्यासाठी नमुन्यातल्या सगळ्या माशांच्या डीएनएचे तुकडे एकदम वाचावे लागतात. काम कोण करणार, गाळणी कोणती हवी आणि नमुना कशात जपायचा, हे पाणी भरण्याआधी प्रयोगशाळेला विचारा.

परवानगीचंही आधीच बघा. धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभाग, वनहद्दीत वन विभाग, गावच्या डोहासाठी ग्रामपंचायत आणि तिथली जैवविविधता व्यवस्थापन समिती. नमुने देशाबाहेर पाठवायचा विचार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते.

कधी आणि कुठे

पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना जाऊ नका. पाणी गढूळ असतं, गाळणी दोन मिनिटांत तुंबते, शिवाय काठ धोक्याचा. उन्हाळ्यात पाणी आटतं, पण ऊष्मा आणि ऊन यांनी डीएनए लवकर तुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला काळ.

तळ्यात डीएनए जिथं पडतो तिथंच आसपास राहतो, म्हणून पाषाण किंवा कात्रजसारख्या तळ्यात काठाकाठानं चार-पाच ठिकाणी पाणी घ्या. नदीत तो वाहत खाली येतो, कधी काही किलोमीटर. म्हणजे पुलाखाली सापडलेला मासा पुलाखालीच असेल असं नाही. एकाच दिवशी अनेक ठिकाणं करायची असतील तर सगळ्यात खालच्या ठिकाणापासून सुरुवात करून वर जा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेलं पाणी पुढच्या नमुन्यात येणार नाही.

काठावर

सोबत हवं ते: एक लिटरच्या बाटल्या, नायट्रिलचे हातमोजे, 50 मिलिलिटरची सिरिंज, 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कवचात बंद असलेल्या गाळण्या, बर्फाची पेटी, डिस्टिल्ड पाणी, पेन्सिल. पाणी गढूळ असण्याची शक्यता असेल तर जास्त मोठ्या छिद्रांच्या गाळण्याही ठेवा.

बाटल्या एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मग डिस्टिल्ड पाण्यानं चार-पाच वेळा खळखळून धुवा. ब्लीच राहिलं तर ते नमुन्यातला डीएनएही खाऊन टाकतं. साबण पुरेसा नाही, हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्या खेपेला आम्ही पाणी काढायला घरची बादली नेली. आठवड्यापूर्वी तिच्यात बाजारातले मासे धुतले होते. नंतर बादली साबणानं घासून लख्ख केली होती. तरी निकाल आला तेव्हा त्या बादलीतून गेलेल्या निव्वळ डिस्टिल्ड पाण्याच्या नमुन्यातही रोहू होता. सगळी फेरी रद्द करावी लागली, आणि सोबतच्या विद्यार्थ्यांची तोंडं बघवत नव्हती.

पण ती चूक कळली ती त्या कोऱ्या नमुन्यामुळेच. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन नमुने आणि एक कोरा, हा नियम मोडू नका. कोरा म्हणजे घरून आणलेलं डिस्टिल्ड पाणी काठावर उघडायचं आणि नदीच्या पाण्यासारखंच, त्याच पद्धतीनं गाळायचं.

पाणी भरताना शक्यतो काठावरूनच हात लांबवा. उतरावंच लागलं तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा आणि आपल्या पुढचं पाणी घ्या. तळाचा गाळ ढवळू देऊ नका. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. शहराच्या पात्रात सांडपाणी मिसळतं, तेव्हा हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका.

मग गाळणं. सिरिंजनं एक लिटर म्हणजे वीस फेऱ्या. पहिल्या पाच सहज जातात. दहाव्यापर्यंत पांढरी गाळणी चहासारखी तपकिरी होते आणि अंगठा दुखायला लागतो. जोर लावून गाळणी फाडू नका. तीनशे मिलिलिटरवर अडलं तर तिथंच थांबा आणि 'तीनशे' असं लिहा. किती पाणी गाळलं हा आकडा नसेल तर दोन ठिकाणांची तुलना करता येत नाही. तिथं गाळणं जमत नसेल तर बाटल्या बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी गाळा.

गाळणी निर्जल अल्कोहोलमध्ये किंवा प्रयोगशाळेनं दिलेल्या द्रावणात बुडवा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. मार्करची शाई अल्कोहोलनं पुसली जाते आणि मग तीन सारख्या डब्या हातात घेऊन बसावं लागतं.

निकाल वाचताना

प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढून पीसीआरनं, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीनं, वाढवतात. माशांसाठी बहुधा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) 12एस जनुकाचा तुकडा वाचतात. 2015 साली जपानी संशोधकांनी हा तुकडा नेमका उचलून वाढवण्यासाठी तयार केलेला 'मायफिश' हा प्रायमरांचा (डीएनएच्या छोट्या खुणेच्या तुकड्यांचा) संच जगभर वापरात आहे. त्यातून मिळणारा तुकडा डीएनएच्या साधारण 170 अक्षरांचा असतो. एवढ्याशा तुकड्यावर महसीरच्या भाऊबंद जाती नेहमी वेगळ्या काढता येत नाहीत. यादीत भलत्याच देशातला महसीर दिसला तर समजा की संगणकानं सगळ्यात जवळचं नाव दिलंय.

मुठेच्या यादीत सुरमई किंवा बांगडा दिसला तर गोंधळू नका. तो आपल्या स्वयंपाकघरांतून, मोरीतून, सांडपाण्याच्या वाटेनं आलेला असतो. रोहू-कटल्याचं मात्र अवघड आहे, कारण ते नदीतही असतात आणि ताटातही. अशा वेळी नाल्याच्या वर आणि खाली वेगवेगळे नमुने घेणं हाच उपाय. चिलापी आणि सकर माशासारखे परके मासे वरच्या पाण्यात दिसले, तर ती खबर मत्स्यव्यवसाय विभागाला जरूर कळवा.

'सापडला' याचा अर्थ त्याचा डीएनए पाण्यात होता, एवढाच. मासे किती, केवढे, जिवंत की मेलेले, हे त्यातून कळत नाही. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात वाढवलेली महसीरची पिल्लं अनेक जलाशयांत सोडली गेलीत, म्हणून सापडलेला खडशी मूळचा की सोडलेला, हेही ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी त्या डोहावर वर्षानुवर्षं गळ टाकणाऱ्यांशी बोला. आणि 'सापडला नाही' असेल तर 'या दिवशी, एवढ्या पाण्यात, तीनपैकी एकाही नमुन्यात नाही' असं पूर्ण लिहा.

शेवटची एक मागणी प्रयोगशाळेकडे पहिल्याच दिवशी करून ठेवा: नुसती यादी नको, वाचलेल्या अक्षरांची मूळ फाइलही द्या आणि डीएनएचा उरलेला अर्क गोठवून ठेवा. सह्याद्रीतल्या अनेक माशांच्या नोंदी संदर्भसंचात, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून नाव ठरवतात त्या माहीत डीएनएच्या साठ्यात, अजून नाहीत. त्या भरल्या गेल्या, की आज 'अनोळखी' म्हणून आलेली ओळ तुम्हाला पुन्हा नदीवर न जाता तपासता येईल.