ओव्हन न लावता मॅचचा खाऊ: काजूचे फुटबॉल, खोबऱ्याचं मैदान आणि सेरादुरा

मॅच बघायला घरी दहा-बारा माणसं जमणार असली की तिखटाची सोय आपोआप होते. कोणी मिरची भजी आणतं, कोणी कटलेट पाव. गोडाकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं आणि ऐनवेळी बेकरीतून क्रीमचा केक येतो. त्याला सुरी लागते, बशा लागतात, आणि नेमका पेनल्टीच्या वेळी तो कोणाच्या तरी मांडीवर सांडतो. फुटबॉल हा गोव्याचा अधिकृत राज्य खेळ, तेव्हा निदान फुटबॉलच्या रात्री तरी खाऊ मॅचला शोभेलसा असावा.

मी तीनच गोष्टी बघते. पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवता आला पाहिजे, टीव्हीवरची नजर न हलवता खाता आला पाहिजे आणि आपल्या दमट हवेत तो टिकला पाहिजे. २०२६चा वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै, म्हणजे ऐन पावसाळ्यात. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणून आपल्याकडे ते रात्री उशिरा नाहीतर पहाटे. त्या वेळी ओव्हन तापवत बसायला कोणाला सवड आहे? खालचे तिन्ही पदार्थ ओव्हनशिवाय होतात. गॅस लागतो तो फक्त चॉकलेट वितळवायला पाणी तापवण्यापुरता.

काजूचे फुटबॉल (साधारण २५)

साहित्य: मारी बिस्किटं २०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, डेसिकेटेड कोकोनट ५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क साधारण १७५ ग्रॅम, पांढरं कंपाऊंड चॉकलेट ३०० ग्रॅम, काळं कंपाऊंड ५० ग्रॅम.

काजू अख्खे घेऊ नका, तुकडा काजू स्वस्त पडतो आणि शेवटी त्याची पूडच करायची आहे. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला तर काजूला तेल सुटतं आणि पुडीऐवजी लगदा हाती येतो. बिस्किटांची पूड वेगळी करा. सगळं कोरडं एकत्र करून त्यात कंडेन्स्ड मिल्क थोडं थोडं घाला. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि हाताला चिकटला नाही की थांबायचं, मग डब्यात दूध उरलं तरी चालेल. सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आता चॉकलेट. कंपाऊंडच घ्या, कारण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं आणि ते टेंपर करण्याची, म्हणजे ठराविक तापमानाला तापवून-गार करण्याची, कटकट न करता घट्ट होतं. पाणी उकळून गॅस बंद करा, वर भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तरी ते रवाळ होऊन आखडतं, म्हणून चमचा, भांडं, हात, सगळं कोरडं हवं. पावसाळ्यात तर भांडं पुसून पाच मिनिटं पंख्याखाली ठेवलेलं बरं. फार दाट वाटलं तर चमचाभर खाण्याचं खोबरेल घाला.

गोळे फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी बुडवा. गारेगार गोळ्यावर गरम चॉकलेट बसलं की सुकताना तडे जातात. काट्यावर एकेक गोळा घेऊन बुडवायचा, काटा भांड्याच्या कडेला हलकेच आपटून जास्तीचं निथळू द्यायचं आणि गोळा बटर पेपरवर सोडायचा.

काळ्या ठिपक्यांत बहुतेकांची दमछाक होते, कारण सगळे पूर्ण चेंडू रंगवायला जातात. जुन्या पद्धतीच्या काळ्या-पांढऱ्या चेंडूला ३२ तुकडे असतात: २० पांढरे षटकोन आणि १२ काळे पंचकोन. समोरून बघताना त्यातला एक काळा बरोबर मध्ये येतो आणि पाच त्याच्याभोवती कडेला दिसतात. तेवढेच काढा! बटर पेपरचा कोन करून त्यात वितळलेलं काळं चॉकलेट भरा, वर मधोमध एक पंचकोन, मग त्याच्या प्रत्येक कोपऱ्याच्या दिशेने कडेला एकेक ठिपका आणि मधून बारीक रेघ. मागची बाजू ताटाला टेकलेली असते, ती कोण बघणार? पंचकोन जमला नाही तर गोल ठिपका द्या, मॅच सुरू झाल्यावर कोणी कोन मोजत नाही.

खोबऱ्याचं मैदान

३० बाय २० सेंटिमीटरचा ट्रे घ्या. मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ बाय ६८ मीटर असतं, त्यामुळे ट्रेवरचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीन मीटर धरला की माप जवळजवळ तंतोतंत बसतं.

३०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये आधी खाण्याचा हिरवा रंग मिसळा. रंग नंतर घातला तर खोबऱ्यावर चट्टे उठतात. मग २५० ग्रॅम डेसिकेटेड कोकोनट आणि १०० ग्रॅम मिल्क पावडर घालून मळा आणि बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने दाबून बसवा. घरच्या माडाचा ताजा नारळ खवून घालायचा मोह आवरा. ओलं खोबरं न शिजवता वापरलं तर या हवेत लवकर आंबतं.

थर घट्ट झाल्यावर पांढऱ्या चॉकलेटने रेघा मारायच्या. मधलं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं. तेवढ्या रुंदीचं बरणीचं झाकण हलकेच दाबून ठसा उमटवा आणि त्यावरून कोन फिरवा. पेनल्टीची चौकट साडेअकरा बाय पावणेपाच सेंटिमीटर. कापताना लांबीला सहा आणि रुंदीला चार असे २४ तुकडे पाडा, म्हणजे मधली रेघ बरोबर कापावर येते आणि मधलं वर्तुळ चार जणांत वाटलं जातं. गोलपोस्ट याच प्रमाणात केले तर जेमतेम दोन सेंटिमीटरचे होतात, दिसतसुद्धा नाहीत. म्हणून ते मापाबाहेरचेच ठेवा: वेफर स्टिकचे तुकडे चॉकलेटने जोडून नऊ सेंटिमीटर रुंद आणि तीन उंच. खऱ्या गोलचं प्रमाणही तीनास एकच आहे.

सेरादुरा

गोव्यातल्या हॉटेलांत हमखास मिळणारं हे पोर्तुगीज वळणाचं गोड घरी इतकं सोपं आहे की विकत खायचं कारण नाही. ४०० मिली व्हिपिंग क्रीम आणि फेटायचं भांडं दोन्ही फ्रीजमध्ये गार करा. साधं २५ टक्के फॅटचं क्रीम कितीही फेटलं तरी फुलत नाही. फॅट ३० टक्क्यांहून जास्त हवं. क्रीम मऊसर उभं राहू लागलं की २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क हलक्या हाताने मिसळा. आधीच गोड असलेलं नॉन-डेअरी क्रीम असेल तर निम्मंच घाला. छोट्या ग्लासांत क्रीम आणि मारीची बारीक पूड यांचे थर द्या, वर पूड. या मापाचे आठ ग्लास होतात, त्यांना चार-पाच तास फ्रीज लागतो.

एफसी गोवाची मॅच असेल तर मध्ये नारंगी थर हवाच. एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंब्याचा रस, इतर वेळी डबाबंद आमरस. ब्राझीलवाल्यांसाठी पिवळा-हिरवा, पोर्तुगालवाल्यांसाठी लाल-हिरवा असं काही करायचं तर वरच्या चिमूटभर टुटीफ्रुटीवर भागवा. थराथराला रंग घातले की खायची इच्छा जाते.

मांडणी

फुटबॉल आणि मैदानाचे तुकडे सुरुवातीलाच बाहेर काढा, ते एका हाताने खाता येतात. सेरादुराला चमचा लागतो, म्हणून तो मध्यंतरात. पंधरा मिनिटं त्याला पुरतात. फुटबॉलचा डबा फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बंदच राहू द्या. लगेच उघडलात तर हवेतली वाफ थेट चॉकलेटवर बसते, चॉकलेटला घाम फुटतो आणि काळे ठिपके ओघळतात. डबा बंद असला की तेच पाणी डब्याच्या बाहेरून जमतं.

आणि मुंग्या! परातीत बोटभर पाणी घालून त्यात वाटी उपडी घाला आणि तिच्यावर ताट ठेवा. ताटाची कड परातीला किंवा भिंतीला लागू देऊ नका. कोणाला काजू चालत नसतील तर आधी विचारून त्यांच्यासाठी चार गोळे बिस्किट-खोबऱ्याचेच वळा आणि वेगळ्या डब्यात ठेवा.

उरलेले फुटबॉल घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस चांगले राहतात. मैदान तीन-चार दिवस. सेरादुरा दुसऱ्या दिवशी संपवा, आणि रात्रभर वीज गेली असेल तर क्रीमचं काही ठेवू नका.