गच्चीवरची डिश, समोरचा टॉवर आणि डोंगरावरची लिंक: या चुका टाळा

कोल्हापुरातील अनेक केबल कंट्रोल रूमच्या गच्चीवर सी-बँडच्या (४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या उपग्रह पट्ट्याच्या) मोठ्या डिश आहेत आणि त्यांच्या समोरच कुठेतरी ३.५ गिगाहर्ट्झवर घरोघरी बिनतारी ब्रॉडबँड पोहोचवणारा टॉवर उभा असतो. उपग्रहाचे प्रक्षेपण ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झमध्ये उतरते. २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपन्यांना मिळालेला पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे. मध्ये उरतात जेमतेम ३० मेगाहर्ट्झ. त्याच्या बऱ्याच वर, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झमध्ये, भू-केंद्रांचे अपलिंक (जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारे प्रक्षेपण) आणि जमिनीवरच्या मायक्रोवेव्ह लिंक यांना आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनी एकाच पट्ट्यात बसवले आहे. सर्वच वापर अधिकृत असल्यामुळे तक्रार करण्याआधी व्यत्यय यंत्रणेच्या कोणत्या टप्प्यावर आत शिरतो, हे शोधणे भाग असते, आणि घाई नेमकी तिथेच होते.

‘फ्रिक्वेन्सी वेगळी, मग त्रास कसला?’

सर्वांत महागात पडणारा समज हाच. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येणारा ४ गिगाहर्ट्झचा सिग्नल वाटेत सुमारे १९६ डीबी (डेसिबल; दर १० डीबी म्हणजे दहापट फरक) क्षीण होतो. एक किलोमीटरवरच्या टॉवरचा ३.६ गिगाहर्ट्झचा सिग्नल मात्र १०४ डीबीच गमावतो. ३.६ मीटरची डिश उपग्रहाच्या दिशेने सुमारे ४० डीबीआय लाभ (त्या दिशेचा सिग्नल एकवटण्याची क्षमता) देते आणि क्षितिजाकडे तिचा लाभ उणे १० च्या आसपास असतो, म्हणजे ९२ डीबीच्या फरकातले ५० डीबी भरून निघतात. दोघांची प्रक्षेपणशक्ती साधारण सारखी धरली, तरी टॉवर ४० डीबीने, म्हणजे दहा हजार पटींनी वरचढ राहतो. त्यातच बाजारातले बरेच एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारी, सिग्नल वाढवून त्याची फ्रिक्वेन्सी उतरवणारी यंत्रे) ३४०० पासून ४२०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळे आत घेतात, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यातला हा जोरदार सिग्नल एलएनबीला ओव्हरलोड करतो आणि आपल्या फ्रिक्वेन्सीवर परके काहीही नसताना चित्र फुटू लागते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपण-वाहिनीवरचे) चॅनेल जात असतील, तर त्याच फ्रिक्वेन्सीवर कोणीतरी आहे असे समजावे. सगळे ट्रान्सपॉन्डर एकदम ढासळत असतील, तर संशय ओव्हरलोडचा घ्यावा. एलएनबीचा लोकल ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी उतरवणारा अंतर्गत दोलक) ५१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्यातून मूळ फ्रिक्वेन्सी वजा होते, म्हणून केबलवर सारे उलटे दिसते: ४२०० चा सिग्नल ९५० ला, ३७०० चा १४५० ला आणि टॉवरचा ३६०० चा सिग्नल १५५० मेगाहर्ट्झला. स्पेक्ट्रम ॲनालायझर ९५० ते १४५० एवढाच लावून ‘काही दिसत नाही’ असा निर्वाळा देणारे तंत्रज्ञ कमी नाहीत. तो किमान १७५० पर्यंत उघडावा.

फिल्टर बसवतानाही अशीच गफलत होते. एलएनबीनंतर, केबलवर लावलेला फिल्टर ओव्हरलोड थांबवू शकत नाही, कारण बिघाड त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. फिल्टर फीडहॉर्न (डिशने एकवटलेला सिग्नल आत घेणारे नळकांडे) आणि एलएनबी यांच्या मध्येच हवा. मात्र तो निवडताना केवळ किंमत पाहू नये: अर्ध्या डीबीचा इन्सर्शन लॉस (फिल्टरमध्येच होणारी सिग्नलची घट) सुमारे ३५ केल्विन नॉइज (यंत्रणेतला गोंगाट, जो तापमानात मोजतात) वाढवतो, आणि चांगल्या सी-बँड एलएनबीचा स्वतःचा नॉइजच २० ते ३० केल्विनचा असतो. आधीच काठावर चालणाऱ्या डिशला हा उपाय पेलणार नाही.

जुलैत चित्र फुटले की दोष पावसावर जातो. वस्तुतः ४ गिगाहर्ट्झला मुसळधार सरीनेही फारशी घट होत नाही; कनेक्टरमध्ये किंवा फीडच्या झाकणाखाली पाणी शिरले आहे का, ते आधी पाहावे. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरअखेरीस दुपारी बाराच्या सुमारास काही दिवस थोडी मिनिटे जाणारा सिग्नल हा डिशच्या रेषेत आलेल्या सूर्याचा परिणाम असतो. त्यासाठी टॉवरवाल्याला पत्र लिहू नये.

डिश उंचावर का?

कोल्हापुरातून ८३ अंश पूर्वेवरचा जीसॅट-३० आग्नेय-दक्षिणेला सुमारे ६८ अंश उंच दिसतो. इतक्या उभ्या कोनात पाहणाऱ्या डिशला सर्वांत वरच्या गच्चीची गरज नाही. ती पाण्याच्या टाकीच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, टॉवर दिसणार नाही अशा बेताने ठेवली, तर उपग्रह पूर्ण मिळतो आणि व्यत्यय बराच अडतो. माझ्या मते फिल्टरवर पैसे घालण्याआधी करून पाहावा असा हाच उपाय आहे, पण गच्चीवरून दिसणाऱ्या डिशची शान सोडवत नाही.

डोंगरावरच्या लिंक

पन्हाळा किंवा जोतिबाच्या बाजूने निघणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या लांब हॉपचे (दोन टॉवरमधल्या टप्प्याचे) गणित वेगळे आहे. येथे भू-केंद्राचा अपलिंक व्यत्यय आणतो आणि तो लिंक लगेच तोडत नाही, तर फेड मार्जिन (सिग्नल क्षीण झाला तरी लिंक टिकावी म्हणून ठेवलेली राखीव पातळी) खातो. व्यत्यय नॉइजपेक्षा १० डीबीने खाली असेल, तर मार्जिन ०.४ डीबीने घटते. तो नॉइजच्या बरोबरीला आला की ३ डीबी जातात. भर दुपारी लिंक ठणठणीत दिसते आणि हिवाळ्यात पंचगंगेच्या खोऱ्यावर धुके साचलेल्या स्थिर पहाटे मल्टिपाथमुळे (एकच सिग्नल अनेक वाटांनी पोहोचून स्वतःलाच छेद देतो त्यामुळे) तीच लिंक पडते, म्हणून मोजमाप दुपारच्या एका रीडिंगवर न करता रात्रभराच्या नोंदीवर करावे.

उलट दिशेची चूकही होते. अलाइनमेंट करताना डिश मुख्य झोताऐवजी साइडलोबवर (बाजूच्या दुबळ्या झोतावर) अडकली, तर पातळी २० डीबीच्या आसपास कमी येते, आणि ती भरून काढण्यासाठी ट्रान्समिट पॉवर वाढवली जाते. लिंक चालते, पण मुख्य झोत भलतीकडे, कदाचित कोणाच्या तरी भू-केंद्राकडे, पूर्ण ताकदीने जात राहतो. हिशेबातल्या पातळीपेक्षा प्रत्यक्ष पातळी बरीच कमी असेल, तर पॉवरला हात न लावता ॲझिमथ (डिशची आडवी दिशा) पुन्हा तपासावा.

कागदावरची एक चूक मात्र साऱ्या गणितावर पाणी फिरवते. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे दशांशात १६.७०. अर्जात घाईने १६.४२ लिहिले, की केंद्र सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला, निपाणीच्या अक्षांशाजवळ जाऊन बसते. डब्ल्यूपीसीकडे (केंद्राच्या दूरसंचार खात्याची स्पेक्ट्रम परवाना शाखा) परवान्यासाठी आणि सॅक्फाकडे (टॉवरच्या जागांना मंजुरी देणारी समिती) टॉवरच्या जागेसाठी अर्ज करताना एकच पद्धत वापरावी आणि बिंदू नकाशावर टाकून पाहावा. केवळ ग्रहण करणाऱ्या डिशबाबत ही काळजी दुप्पट हवी, कारण ती काहीच प्रक्षेपित करत नाही. नोंदीत ती नसेल, तर नव्या लिंकच्या नियोजकाला तिचा पत्ता लागण्याचा दुसरा मार्ग नाही.

शेवटी स्थानिक इंटरनेटवाल्यांसाठी: ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा ५८७५ मेगाहर्ट्झला संपतो. गर्दी टाळण्यासाठी रेडिओत दुसऱ्या देशाचा कोड किंवा टेस्ट मोड लावून ५८७५ च्या वरचे चॅनेल उघडले, तर आपण उपग्रह अपलिंकच्या शेजारी विनापरवाना उभे राहतो. चॅनेलची रुंदीही धरावी: ५८६० केंद्र ठेवून ४० मेगाहर्ट्झ रुंदी निवडली, की वरची कड ५८८० ला जाते.