बचाव केंद्रात मदतीला येताय? आधी आमच्या राजाचं ऐका

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "ताई, तुमच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात यायचंय. प्राण्यांसोबत वेळ घालवता येईल का?" यायला हरकत नाही, पण प्राण्यांसोबत वेळ घालवता येणार नाही. हे वाचून तुमचा विचार बदलला असेल तर राग नाही. मी स्वतः हाच प्रश्न घेऊन आले होते, आणि माझ्यामुळे एका जनावराचं आयुष्य पिंजऱ्यात गेलं. म्हणून जरा लांबण लावून सांगते.

ऑक्टोबर 2018. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, सोयाबीनची सोंगणी चाललेली. दुपारी बायांनी ओरडून बोलावलं. चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी पुढे, उभ्या पिकात रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं पिल्लू बसलेलं. शेळीच्या पाटीएवढं, तांबूस, मान जमिनीला लावून अगदी गप्प. माणसं इतकी जवळ येऊनही ते हललं नाही, म्हणून आम्ही ठरवून टाकलं की आजारी आहे, आई टाकून गेली. मी ओढणीत गुंडाळून घरी आणलं. नर होता. नाव ठेवलं राजा.

इथेच सगळे फसतात. रोही, चितळ यांच्या माद्या पिल्लाला दिवसभर पिकात किंवा गवतात लपवून लांब चरायला जातात आणि मधूनमधून येऊन पाजतात. पिल्लू हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव. ते गप्प बसलंय म्हणजे त्याचं काम ते चोख करतंय. ज्याला आपण 'वाचवलं' म्हणतो, ते बऱ्याचदा आईपासून पळवलेलं असतं. "माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही" हे आमच्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. त्यावर जाऊ नका. जुन्नर भागात उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची बछडी वनखात्याची माणसं संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आणि माणसांनी हाताळलेली असूनही बहुतेक वेळा मादी रात्री येऊन उचलून नेते. त्या दिवशी मी फक्त तेवढा तुकडा सोंगायचा सोडून मागे फिरले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी बारा दिवस ठेवलं. बाटलीने दूध पाजलं, अंगणात मागे मागे फिरवलं. गंमत बघा, रात्री बाप जागलीला जाऊन रोही हाकलायचा आणि दिवसा पोरगी रोही पाजायची. गावभर हसं झालं. कायदा काय म्हणतो हे मला नंतर वनरक्षकाने ऐकवलं: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो आणि 48 तासांत कळवावं लागतं. माझे 48 तास कधीच उलटले होते. वनखात्याचा 1926 हा टोल फ्री नंबर तेव्हा मला माहीत नव्हता. तुम्हाला आता आहे.

राजा एका बचाव केंद्रात गेला. मी दर रविवारी तिथे. खिशात गूळ आणि पोळी. तिथले चारा-पाणी बघणारे मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "कायले हाका मारतं वो पोरी? त्याले जंगलात जायचं हाय, तुह्या घरी नाही." मी मान डोलवायचे आणि मामा चाऱ्याच्या शेडमध्ये गेले की हळूच जाळीशी जाऊन हाक मारायचे. तो धावत यायचा. मला वाटायचं, याला माझी किती ओढ आहे!

हाताने वाढलेलं नर हरीण किंवा रोही वयात आलं की काय होतं हे मला कुणी नीट समजावलं नाही. खरं तर समजावलं होतं, मी ऐकलं नाही. लहानपणी ज्याला कळपाऐवजी माणूसच दिसतो, तो माणसालाच आपल्यातला समजतो. आणि वयात आलेला नर आपल्यातल्या नराशी लढतो. रानातला रोही माणूस दिसताच पळतो, म्हणून तो सुरक्षित आणि आपणही. याची भीती आपण काढून टाकलेली असते. वर वजन दोनशे किलोच्या घरात आणि डोक्यावर वीतभर टोकदार शिंगं. 2021 च्या थंडीत मामा पाण्याचं टाकं घासत होते. राजा चार पावलांवर आला, पुढचे दोन्ही गुडघे मातीत टेकले, मान लांब केली. रोही नर एकमेकांशी असेच गुडघ्यावर येऊन भिडतात. मी जाळीबाहेर उभी होते आणि मला वाटलं तो लाडात आलाय. मामांना कळलं. ते टाक्याच्या मागे गेले म्हणून मांडीवर निभावलं, सात टाके पडले.

त्यानंतर त्याला सोडण्याचा विषय संपला. सोडला तर तो सरळ एखाद्या गावात जाईल, कुणाला तरी शिंग मारेल, नाहीतर कुत्री त्याला फाडतील. आता तो तारेच्या आतच राहील, अजून दहा-बारा वर्षं तरी. त्याच्या चाऱ्याचे पैसे मी महिन्याला देते. उपकार नव्हेत, दंड म्हणा.

तर हेमलकशाचे फोटो बघून येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. प्रकाशभाऊ आमट्यांच्या अंगाखांद्यावरचे बिबटे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यांनी 1973 पासूनचं आयुष्य त्या रानात काढलंय, शिकारीत आई गेलेली पिल्लं माडिया माणसं त्यांच्याकडे आणून देत गेली, तेव्हा ते घडलं. ते तुमच्या दोन दिवसांच्या सहलीत बसत नाही. तिथे जरूर जा. फक्त पावसाळा टाळा, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

नागपूरकरांचा हमखास गोंधळ होतो तो गोरेवाड्याचा. 26 जानेवारी 2021 पासून जी इंडियन सफारी सुरू झाली ती तिकीट काढून बघायची. तिथल्याच बचाव केंद्राचं काम वेगळं. ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर म्हणतात त्या ठिकाणीही प्राणी उपचारापुरते येतात आणि परत जातात, तिथे बघे नकोच असतात. गेटवरून परत पाठवलं तर तक्रार करू नका. चांगली जागा असल्याची ती खूण समजा. याउलट जिथे गेल्या गेल्या गळ्यात अजगर घालतात, तिथून निघा. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी मी स्वतः दोनशे रुपये देऊन तसा फोटो काढलाय. अजून फोनमध्ये आहे, पुसवत नाही आणि दाखववतही नाही.

जाण्याआधी थेट विचारा: केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची किंवा वनखात्याची परवानगी आहे का, गेल्या वर्षी किती प्राणी आले आणि किती परत सोडले, पैशाची पावती मिळते का. उत्तर द्यायला लोक चिडले तर समजून घ्या काय ते.

सर्पमित्र म्हणून रील काढणाऱ्यांच्या मागे लागून शिकू नका, हे माझं ठाम मत आहे. नाग हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारा तुम्हाला फक्त कॅमेऱ्याकडे बघायला शिकवेल. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सचंही तेच. पैसे देऊन छान कागद मिळतो. शिकायचं असेल तर मामांसारख्या माणसासोबत तीन महिने शेण-लेंड्या उचला. रोही एकाच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे साफसफाई सोपी. पण लेंडी पातळ झाली, कमी झाली, जागा बदलली, हे मामा दुरून ओळखतात आणि डॉक्टरला फोन करतात. ज्यांना खरंच डॉक्टर व्हायचंय त्यांनी 'नीट'ची परीक्षा द्या, बी.व्ही.एस्सी. करा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचं आहे, दुसरा जवळचा रस्ता नाही. आणि कामाला लागण्याआधी रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. यात चालढकल नको.

घाबरवलं का? काम जड नाही. केंद्राला काय लागतं ते ऐका. कोरडं कुटार (भुसा), ज्वारीचा कडबा, जुन्या चादरी, गोणपाट, रद्दी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा वाळ्याच्या ताट्या आणि पाणी मारायला दोन हात. बिबट्याच्या मांसाचे पैसे. दिवसाला साधारण तीन-चार किलो लागतं, आठवड्यात एक दिवस उपास. चारा आणताना फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारून आणा. 2017 ला यवतमाळात फवारणीने माणसं गेली, तेव्हा हे जास्त समजावायला नको. बुरशी लागलेलं ओलं कुटार तर नकोच, एका भल्या माणसाने ट्रॅक्टरभर आणून दिलं होतं आणि ते फेकायला आमचे दोन दिवस गेले. पोळ्या, बिस्किटं, गूळ घरी ठेवा.

आणि पैसे जास्त असतील तर केंद्राला देण्याआधी आपल्या गावातल्या बिनकठड्याच्या विहिरीला कठडा बांधा. रात्री त्यात पडलेला बिबट्या काढायला पिंजरा, जाळी, क्रेन, वीस माणसं आणि शंभर बघे लागतात. मला विचाराल तर एका कठड्याने केंद्राचं काम वर्षानुवर्षं हलकं होतं, पण कठड्यासोबत सेल्फी चांगला येत नाही.

आता मी शनिवारी जाते. राजाच्या तारेपासून लांबून वळसा घालून चाऱ्याच्या शेडकडे. तोंड बांधून, गप्प. तरी त्याचे कान वळतात.

यंदा सोंगणीत बाबांचा फोन आला. "पिल्लू निंगालं. हात नाही लावला कोनी. चार तासं उभे सोडून देल्ले." दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला.

"नव्हतं आता," बाबा म्हणाले. "पन त्याच्या मायनं चारही तासं तुडवून टाकले. ते नुसकान कोन देईन, तुहं केंद्र?"