गणपती तिथीने, शिक्का तारखेने

शिमग्याला घरी आलोय. वेंगुर्ल्याच्या घरात ओटीवर कालनिर्णय लटकलेलं असतं. आल्या आल्या मी सप्टेंबरचं पान काढलं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती उशिरा, १४ सप्टेंबर २०२६ला. अनंत चतुर्दशी २५ला. आणि माझ्या पासपोर्टमधला थायलंडच्या मुक्कामाचा शिक्का संपतो तोही २५ सप्टेंबरलाच.

मी बोटीवर इंजिनिअर होतो. निवृत्तीनंतर बायको आणि मी थायलंडमधल्या हुआ हिनला राहतो. तिथे पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून वर्षभराचा मुक्काम मिळतो आणि दर वर्षी तो वाढवून घ्यावा लागतो. आपल्याकडचे बोटीवरचे आणि आखातात नोकऱ्या केलेले अनेक जण आता हा विचार करतायत. गेल्या महिनाभरात तिघांनी घरी येऊन विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो. पण अडचण होते ती गावी येण्याजाण्यात, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

मुक्कामाचा शिक्का इंग्रजी तारखेवर चालतो. मुदतवाढ जुन्या तारखेपासून पुढे मोजतात, त्यामुळे तुमची तारीख दर वर्षी तीच राहते. माझी २५ सप्टेंबर. गणपती मात्र सरकत असतो. २०२४ला तो ७ सप्टेंबरला होता, २०२५ला २७ ऑगस्टला. त्या दोन्ही वर्षी मी विसर्जन करून निवांत परतलो, मग मुदतवाढीचा अर्ज दिला, काही त्रास नाही. अधिक महिना आला की मात्र गणपती पुढे ढकलला जातो आणि नेमका तारखेवर येऊन बसतो. २०२३ला अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला. तेव्हा मला हे गणित कळलं नव्हतं.

त्या वर्षी मी री-एंट्री परमिट काढलं आणि निर्धास्त झालो. हे परमिट म्हणजे देश सोडताना आपला मुक्काम राखून ठेवण्याची परवानगी. ते न घेता बाहेर पडलात तर विमानतळावर बाहेर जाण्याचा शिक्का पडताक्षणी तुमची वर्षाची मुदत रद्द होते. परत आलात की पर्यटक म्हणून आत घेतात, आणि निवृत्तीचा मुक्काम पहिल्यापासून उभा करावा लागतो. एवढं मला माहीत होतं. मी समजलो होतो ते असं, की परमिट नवं काढलंय म्हणजे त्याला स्वतःची मुदत असणार. तशी ती नसते. परमिट मूळ शिक्क्याच्या तारखेलाच संपतं, त्यापुढे एक दिवसही नाही. ते मुदत राखतं, वाढवत नाही.

हे मला गावी आल्यावर, पासपोर्ट नीट वाचताना दिसलं. शिक्का सोमवार, २५ सप्टेंबरला संपत होता. आमच्याकडे गौरी-गणपतीचं विसर्जन २३ला, शनिवारी. शनिवारी विसर्जन करून निघालो असतो तर रविवार प्रवासात जाणार आणि सोमवारी उतरून थेट इमिग्रेशनची कचेरी गाठावी लागणार. त्यात कोकणातला सप्टेंबर. गाड्या पावसाळी वेळापत्रकावर, वर गणपतीची गर्दी. मी २२ला सकाळीच निघायचं ठरवलं. घरात गौरीपूजनाची तयारी चाललेली, माझ्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपं वाहण्याची रीत. ती सुपं भरत होती आणि मी बॅग भरत होतो. आई म्हणाली, "रे, गौर घरात आसताना खंय चललंस?" मला उत्तर देता आलं नाही. गाडी ठाण्याला चार तास उशिरा पोचली, विमान जेमतेम मिळालं. सोमवारी शेवटच्या दिवशी मुदतवाढ झाली. पण सुनेचा पहिला ओवसा मी पाहिला नाही, तो पुन्हा येणार नाही.

म्हणून आता क्रम सांगतो. मुदतवाढ आधी, री-एंट्री परमिट नंतर, विमान त्याच्यानंतर.

मुदतवाढीचा अर्ज, ज्याला तिथे टीएम ७ म्हणतात, शिक्का संपण्याच्या ३० दिवस आधीपासून घेतात. काही कचेऱ्या ४५ दिवस आधीही घेतात, आपल्या कचेरीत आधी जाऊन विचारायचं. फी १,९०० बाथ. अर्ज घेण्याची माझी खिडकी २६ ऑगस्टला उघडते, बुधवार आहे. त्या दिवशी सकाळी मी रांगेत असेन. मुदतवाढ झाली की शिक्का २५ सप्टेंबर २०२७चा मिळेल. लवकर अर्ज दिला म्हणून दिवस कमी होत नाहीत. शिक्का हातात आला की त्याच कचेरीत टीएम ८ भरून नवं री-एंट्री परमिट घ्यायचं. आता त्या परमिटला २०२७ची तारीख. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघून अनंत चतुर्दशी, मागोमाग म्हाळ, सगळं करून ऑक्टोबरात परतायचं. क्रम उलटा केला आणि परमिट आधी घेतलं, तर ते जुन्या तारखेचं मिळतं आणि नव्या शिक्क्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात.

विमानाचं तिकीट मी २६ ऑगस्टच्या लगेच दुसऱ्या दिवसाचं काढत नाही. कागदात एखादी झेरॉक्स कमी निघाली, बँकेच्या पत्रावरची तारीख जुनी ठरली, तर पुन्हा फेरी पडते. मधे निदान आठवडा ठेवतो. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४पासून, आधी १२० दिवस होतं), म्हणजे गणपतीच्या गाड्यांसाठी जुलैच्या मध्यावर लक्ष ठेवावं लागतं. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जी मिळेल ती. गोव्यातला मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्या बाजूच्यांना तोही पर्याय आहे.

पैशांचं गणित मात्र जूनमध्येच सुरू होतं. निवृत्तीच्या मुक्कामासाठी एक तर महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवायचं, नाहीतर थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाथ. बहुतेक भारतीय दुसरा मार्ग घेतात. हे ८ लाख अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असायला हवेत. माझा अर्ज २६ ऑगस्टला, म्हणजे २६ जूनपूर्वी रक्कम पूर्ण हवी. मी जूनच्या मध्यालाच खातं तपासायचं अशी खूणगाठ बांधलीय. अर्ज लवकर द्यायचा म्हटलं की पैसेही तेवढेच लवकर भरायला लागतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सप्टेंबरच्या सवयीने जुलैत रक्कम पूर्ण केली, तर ऑगस्टचा अर्ज घेत नाहीत आणि गणपतीला जाण्याचा बेत तिथेच मोडतो.

मंजुरीनंतरही ८ लाख तीन महिने तसेच ठेवायचे, नंतर ४ लाखांच्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही. गावी आलं की खर्च समोर उभा असतो. दोन वर्षांपूर्वी पावसात मागच्या पडवीचे वासे खचले, भाऊ म्हणाला आताच करून घेऊया. माझ्याकडे पैसे दिसत होते पण ते हलवण्यासारखे नव्हते. त्याला डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितलं, त्याला वाईट वाटलं, मलाही. तेव्हापासून घरासाठीची रक्कम मी इथल्या बँकेत वेगळी ठेवतो. त्या ८ लाखांना हात लावण्याची वेळच येऊ नये.

री-एंट्री परमिट दोन प्रकारचं. एका फेरीचं १,००० बाथला, कितीही फेऱ्यांचं ३,८०० बाथला. नुसता हिशोब केला तर वर्षात चार फेऱ्या झाल्या तरच दुसरं परवडतं. मी तरी दुसरंच घेतो. माझी आई ८८ वर्षांची आहे. रात्री अकराला फोन आला तर सकाळी कचेरी उघडायची वाट बघत बसायचं नाही, थेट विमानतळावर जायचं. एका फेरीचं परमिट एकदा वापरलं की संपलं, पुढच्या वेळी नवं काढायला हवं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही परमिट काढता येतं, ती सोय मी अडीअडचणीसाठीच ठेवतो.

जोडप्यांसाठी एक गोष्ट नीट सांगतो. आमच्या हिचा मुक्काम माझ्यावर अवलंबून म्हणून आहे, लग्नाचा दाखला जोडून घेतलेला. माझा शिक्का गेला की तिचाही गेला. पण परमिट प्रत्येक पासपोर्टचं वेगळं लागतं. नवऱ्याने काढलं म्हणजे दोघांचं झालं, असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचं असंच राहून गेलं. त्या भावाच्या मुलीच्या लग्नाला रत्नागिरीला आल्या आणि परतताना त्यांना पर्यटक म्हणून आत घेतलं. पुढचे चार महिने कागद जमवण्यात गेले.

पासपोर्टची मुदतही बघून ठेवा. मुदतवाढ पासपोर्ट संपण्याच्या तारखेपलीकडे देत नाहीत. पासपोर्टचे आठ महिने उरले असतील तर शिक्काही आठच महिन्यांचा मिळतो आणि तुमची तारीख बदलून जाते. भारतात नवा पासपोर्ट केलात तर जुना कोपरा कापून परत देतात. तो सांभाळायचा, कारण शिक्का आणि परमिट त्यातच असतात. प्रवासात दोन्ही हातातल्या पिशवीत, आणि तिथे पोचल्यावर कचेरीत जाऊन शिक्के नव्यात चढवून घ्यायचे.

आता अवघड प्रसंग. शिक्का संपत आलाय आणि गावाहून बोलावणं आलं. शेवटचे ३० दिवस सुरू झालेले असतील आणि फाईल तयार असेल, तर सकाळी बँकेतून पत्र घेऊन, पासबुक भरून अर्ज द्यायचा. माझ्या कचेरीत निवृत्तीची मुदतवाढ त्याच दिवशी हातात मिळत आलीय. लगेच परमिट घ्यायचं आणि रात्रीचं विमान पकडायचं. यासाठी खिडकी उघडण्याच्या आधीच भाडेकरार, घरमालकाने आपला पत्ता कळवल्याची टीएम ३० पावती, फोटो, पासपोर्टच्या प्रती एका फाईलमध्ये लावून ठेवा. खिडकी उघडायला अजून दिवस असतील, तर आहे त्या परमिटवर जा, पण तारखेच्या चार-पाच कामाचे दिवस आधी परत या. अर्ज स्वतः तिथे हजर राहूनच द्यावा लागतो, वेंगुर्ल्यात बसून होत नाही. तारखेनंतर तिथे राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, २०,००० बाथपर्यंत, आणि पासपोर्टवर त्याची नोंद.

आणि घरातलं माणूस अंथरुणावर असेल, निघणं शक्यच नसेल, तर शिक्का जाऊ द्या. मी हे विचार करून लिहितोय. भारतातून नव्वद दिवसांचा नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा पुन्हा काढता येतो. त्यावर जाऊन शेवटच्या तीस दिवसांत परत वर्षाची मुदतवाढ मागायची. खात्यात ८ लाख तसेच असतील तर निम्मं काम झालेलं असतं. दोन-चार महिन्यांची दगदग होते, फी पडते, तारीख बदलते. माणसाजवळ थांबायला मिळतं.

परतीच्या वाटेवरचं थोडक्यात. मुंबईला चेक-इनवर एकेरी तिकीट बघून परतीचं तिकीट विचारतात. तेव्हा मुदतवाढीचा शिक्का आणि परमिटचं पान उघडून दाखवायचं, मी तिथे कागदाची पट्टी घालून ठेवतो. १ मे २०२५पासून थायलंडला उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, निवृत्तांनाही. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा. थायलंडमध्ये दर नव्वद दिवसांनी कचेरीला आपला पत्ता कळवायचा असतो, त्याची मोजणी परत आल्या दिवसापासून नव्याने सुरू होते. बाहेर असताना तो दिवस येऊन गेला तर दंड नाही.

बँकॉकला खिडकीवरच्या अधिकाऱ्याला परमिटचं पान स्वतः दाखवा. पासपोर्ट परत हातात आला की बाजूला सरकण्याआधी आजच्या शिक्क्याखालची तारीख वाचा. ऑक्टोबरात परतताना माझ्या पासपोर्टवर तिथे २५ सप्टेंबर २०२७ असायला हवं. दुसरी कुठलीही तारीख असेल तर तिथल्या तिथे सांगा, तेव्हा ती दुरुस्त होते. बाहेर पडल्यावर त्याच कामासाठी कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतात.

पुढच्या वर्षी चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे. आईला काल ते सांगितलं, तर ती म्हणाली, "यंदाचा आधी बग."