डिशवॉशर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा निवडावा

डिशवॉशर घेण्याचा विचार सुरू झाला की बहुतेक जण थेट मॉडेलांची तुलना करू लागतात: प्रोग्रॅम किती, रॅक किती, दार कोणत्या रंगाचे. हाताने भांडी घासण्यापेक्षा हे यंत्र आपल्या घरात खरोखर सरस ठरणार आहे का, हा त्याआधीचा प्रश्न मात्र तसाच राहून जातो. सर्वांना लागू पडेल असे त्याचे एकच उत्तर नाही. तुमचा नळ किती वेळ वाहतो, तुमची भांडी कशाची बनलेली आहेत आणि यंत्र पूर्ण भरेल इतकी खरकटी भांडी किती वेळात जमतात, यांवर ते ठरते. म्हणून खालील पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांतच उत्तर नकारार्थी आले, तर पुढचा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही.

१. आधी आपल्या नळाचे पाणी मोजा

भांडी विसळताना नळ जेवढा उघडता तेवढाच उघडून एक मिनिट बादलीत पाणी धरा आणि ते मापाने मोजा. मग भांडी घासताना नळ प्रत्यक्ष किती मिनिटे चालू राहतो, ते घड्याळ लावून पाहा. मिनिटाला ६ लिटर पाणी पडत असेल आणि एका वेळच्या भांड्यांसाठी नळ एकूण १० मिनिटे वाहत असेल, तर ६० लिटर पाणी गेले. पूर्ण आकाराचा आधुनिक डिशवॉशर इको प्रोग्रॅमवर, म्हणजे पाणी-वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमवर, साधारण ९ ते १२ लिटर पाण्यात बारा-चौदा जणांची भांडी धुतो. जर्मनीतील बॉन विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत १२ जणांची भांडी हाताने धुण्यासाठी लोकांनी सरासरी सुमारे १०० लिटर पाणी वापरले. मात्र त्या सरासरीपेक्षा माणसामाणसांतील तफावत अधिक बोलकी होती, कारण काहींचे काम त्याच्या अंशभर पाण्यात झाले, तर काहींना त्याच्या कितीतरी पट पाणी लागले.

हाताने धुण्याची पद्धत बदलली तर निकालही बदलतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात वाहत्या नळाखाली भांडी धुणे हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या दृष्टीने यंत्रापेक्षा महाग पडले. परंतु एका कुंडात गरम पाण्यात भांडी भिजवून घासणे आणि दुसऱ्या कुंडात थंड पाण्यात विसळणे, ही दोन कुंडांची पद्धत यंत्रापेक्षाही सरस ठरली. यंत्र घेण्याची ऐपत किंवा जागा नसणाऱ्यांनी यात कमीपणा मानू नये. नळ बंद ठेवण्याची सवय यंत्राशी सहज बरोबरी करू शकते.

विजेचा हिशेब निराळा आहे. १० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंश सेल्सियसपर्यंत तापवायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. यंत्र मुख्य धुण्यासाठी आणि बहुधा शेवटच्या विसळणीसाठी पाणी तापवते, शिवाय आतली भांडीही तापतात. त्यामुळे एका फेरीला साधारण अर्धे ते एक युनिट खर्च होते. तुम्ही आत्ता गिझरच्या गरम पाण्याने भांडी धूत असाल, तर यंत्रामुळे वीज वाचण्याची शक्यता आहे. थंड पाण्यानेच धूत असाल, तर पाणी वाचले तरी विजेचा खर्च नव्याने वाढणार, हे गृहीत धरावे. विक्रेते ही बाजू सहसा सांगत नाहीत.

स्वच्छतेच्या बाबतीत यंत्राची बाजू भक्कम आहे. हाताला सोसवेल त्यापेक्षा बरेच गरम पाणी आणि हाताला चालणार नाही इतका तीव्र अल्कधर्मी साबण यंत्र वापरू शकते, आणि दिवसेंदिवस ओली राहिलेली घासणीही मध्ये येत नाही. वेळेच्या बाबतीत मात्र अवाजवी अपेक्षा नको. भांडी लावणे, काढणे आणि जागेवर ठेवणे ही कामे उरतातच. वाचतो तो घासण्याचा वेळ.

२. आपली भांडी तपासा

आठवडाभर सिंकमध्ये येणाऱ्या भांड्यांकडे या नजरेने पाहा. स्टेनलेस स्टील, काच आणि चिनी माती यांना यंत्र चालते. अॅल्युमिनियम अल्कधर्मी पाण्यात काळपट पडते, बिडाच्या भांड्यावरचा तेलाचा थर निघून त्यावर गंज चढतो, तांब्या-पितळेची झळाळी जाते, लाकूड फुगते आणि चिरते. नॉनस्टिक भांड्यांवर यंत्रात धुण्यायोग्य असल्याची खूण असली, तरी त्यांचा थर हाताने धुतल्यास अधिक काळ टिकतो. धारदार सुऱ्या, डिंकाने बसवलेल्या मुठी, सोनेरी काठाची कपबशी आणि पोकळ भिंतींचे थर्मास बाहेरच ठेवावेत.

रोजच्या भांड्यांपैकी निम्म्याहून अधिक या दुसऱ्या यादीत मोडत असतील, तर माझ्या मते डिशवॉशर घेण्याची वेळ अजून आलेली नाही. आधी भांडी बदलायची आणि मग यंत्र आणायचे, हा क्रम चालेल. यंत्र आणून भांडी खराब करून घेणे परवडणार नाही.

याच वेळी सर्वांत मोठ्या ताटाचा व्यास आणि सर्वांत उंच पातेल्याची उंची मोजून लिहून ठेवा. दुकानात हे आकडे माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

३. जागा, पाणी, वीज आणि निचरा

पूर्ण आकाराचे यंत्र साधारण ६० सेंटीमीटर रुंद असते, अरुंद यंत्र ४५ सेंटीमीटर, तर ओट्यावर ठेवण्याचे यंत्र साधारण ५५ सेंटीमीटर रुंद आणि उंचीला बेताचे असते. दार खाली उघडते, म्हणून यंत्रासमोर दार आणि त्यामागे उभा माणूस मावेल इतकी मोकळी जागा हवी. मागे नळ्यांसाठीही काही सेंटीमीटर जातात. फक्त यंत्राची खोली मोजणाऱ्यांची इथे हमखास पंचाईत होते.

पाण्याचा दाब हा दुर्लक्षित मुद्दा आहे. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर साधारण १ बार दाब मिळतो. टाकी थेट डोक्यावरच्या छतावर असेल, तर तो ०.३ बारच्या आसपासच राहतो. अनेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी माहितीपत्रकातील हा आकडा खरेदीआधी पाहावा. दाब अपुरा असेल, तर यंत्र पाणी भरताना थांबते आणि चूक दाखवते.

वीजजोडणीसाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट हवा, कारण पाणी तापवताना यंत्र साधारण २,००० वॉटपर्यंत वीज ओढते. एक्स्टेन्शन बोर्डावर ते चालवू नये. निचऱ्याची नळी किती उंचीवर जोडायची, याची मर्यादा प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पाळली नाही, तर सिंकमधले घाण पाणी उलटे यंत्रात येऊ शकते.

४. पाणी किती जड आहे ते जाणून घ्या

माझ्या दृष्टीने यंत्र निवडण्यातील हा सर्वांत महत्त्वाचा निकष आहे, आणि जाहिरातींत त्याला सर्वांत कमी जागा मिळते. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गरम होताच पांढऱ्या पुटाच्या रूपाने काचेवर, हीटरवर आणि फवाऱ्याच्या छिद्रांत बसतात. पाण्याची कठोरता लिटरला १८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर ते पाणी अतिशय जड मानले जाते. ती मोजण्याच्या कागदी पट्ट्या सहज मिळतात.

यावरचा उपाय यंत्रातच असतो. तळाशी असलेल्या कप्प्यातील राळेचे दाणे पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात; दाण्यांची ही क्षमता संपली की मिठाचे तीव्र द्रावण ती पुन्हा जागी करते. म्हणूनच डिशवॉशरमध्ये मीठ भरावे लागते, आणि ते भांड्यांवर कधीच येत नाही. त्यासाठी खास जाड दाण्यांचे मीठच वापरावे. खाण्याच्या बारीक मिठाचा गठ्ठा होतो आणि त्यातील इतर घटक राळेला त्रास देतात. मीठ भरून झाले, तरी कठोरतेची पातळी यंत्रावर निवडलेली नसेल, तर ही सारी व्यवस्था अर्धवट काम करते. काही बाजारपेठांत विकल्या जाणाऱ्या यंत्रांत मृदुकरणाची सोय नसतेच. पाणी जड असेल, तर अशा यंत्राचा विचारही करू नये.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या साबणातील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. फॉस्फेट पाणी मृदू करण्याचे कामही करत असे. त्यामुळे ते कमी झालेले साबण वापरताना मिठाची जबाबदारी वाढते.

५. आकार ठरवा, मग लेबल वाचा

डिशवॉशरची क्षमता एकेका माणसाच्या जेवणाच्या भांड्यांच्या संचात मोजतात. पूर्ण आकाराच्या यंत्रात १२ ते १६ संच, अरुंद यंत्रात साधारण ९ ते ११ आणि ओट्यावरच्या यंत्रात ६ ते ८ संच मावतात. हा आकडा ताटल्या, पेले आणि चमचे यांवर बेतलेला असल्याने दोन मोठी पातेली ठेवली की क्षमता झपाट्याने घटते. आकार असा निवडावा की यंत्र एका दिवसात, फार तर दीड दिवसात भरेल. अर्धे भरलेले यंत्र चालवले, तर पाणी आणि वीज निम्मी होत नाही. ‘हाफ लोड’ प्रोग्रॅममुळे होणारी बचतही बेताचीच असते. दोन माणसांच्या घरात मोठे यंत्र तीन-तीन दिवस भरत ठेवावे लागते, खरकटे वाळते, वास येतो. मोठ्या पातेल्यांची सवय असलेल्या घराला मात्र अरुंद यंत्र लवकरच अपुरे पडते.

आता लेबल. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून जुन्या अधिक चिन्हांच्या (ए+++ सारख्या) श्रेणी जाऊन ए ते जी अशी नवी श्रेणी आली, आणि त्या लेबलवर इको प्रोग्रॅमच्या १०० फेऱ्यांची वीज, एका फेरीचे पाणी, फेरीचा कालावधी व आवाज छापलेला असतो. वेगवेगळ्या देशांतील श्रेण्या आणि तारे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून अक्षरापेक्षा लिटर आणि युनिट यांचीच तुलना करावी. इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो हे पाहून दचकू नये. कमी तापमानाच्या पाण्याला आणि साबणातील विकरांना (एन्झाइम्सना) काम करण्यासाठी वेळ दिला जातो, आणि बचत नेमकी त्यातूनच होते. आवाज १० डेसिबलने वाढला की कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली शेजारी असतील, तर ४४ डेसिबल आणि ५० डेसिबल यांतील फरकाला किंमत आहे.

गळती होताच पाणी तोडणारी यंत्रणा, वर-खाली सरकणारा वरचा रॅक, हाताने सहज निघणारा फिल्टर आणि फेरीच्या शेवटी आपोआप किलकिले होणारे दार, या सोयींसाठी जास्त पैसे मोजावेत. मोबाइलवरून यंत्र सुरू करण्याची सोय मला निरुपयोगी वाटते, कारण भांडी लावायला तुम्हाला यंत्रापर्यंत जावेच लागते.

६. भांडी लावण्याची पद्धत

जोसेफीन कॉक्रेन यांनी अमेरिकेत १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात भांडी तारांच्या कप्प्यांत घट्ट बसवलेली असत आणि त्यांच्यावर पाण्याचा मारा होत असे. तत्त्व आजही तेच आहे: यंत्र घासत नाही, पाणी फेकते. जिथे फवारा पोहोचत नाही, तिथले खरकटे निघत नाही. म्हणून ताटल्यांचे तोंड मध्याकडे, खोलगट भांडी तिरकी व पालथी, पातेली खालच्या रॅकमध्ये आणि पेले वर असावेत. दोन चमचे एकमेकांत अडकू देऊ नयेत. यंत्र सुरू करण्याआधी फवाऱ्याचे दोन्ही हात बोटाने फिरवून पाहा. ते एखाद्या उलथन्याला अडत असतील, तर संपूर्ण फेरी वाया जाते.

भांड्यांतले उरलेसुरले निपटून काढावे, पण नळाखाली विसळू नये. आधी विसळले, तर हाताने धुण्याचे पाणी आणि यंत्राचे पाणी असे दोन्ही खर्च होतात, आणि गढूळपणा मोजणारा सेन्सर असलेले यंत्र भांडी स्वच्छ समजून हलके धुते. करपलेले भांडे याला अपवाद. ते आधी भिजवावेच लागते.

साबण डिशवॉशरचाच हवा. हाताने धुण्याचा द्रवसाबण टाकला, तर फेस दारातून बाहेर येतो आणि पाण्याचा जोरही मारला जातो. रिन्स एड, म्हणजे शेवटच्या विसळणीत मिसळायचे द्रव, पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे थेंब न राहता पाणी एकसारखे ओघळते आणि काचेवर डाग पडत नाहीत.

७. पहिले काही दिवस

बसवून झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या यंत्रावर सर्वांत गरम प्रोग्रॅमने चालवा आणि त्या वेळी जोडण्यांखाली कोरडा कागद ठेवून गळती तपासा. नंतर मुद्दाम घरातले सर्वांत अवघड सामान, म्हणजे तेलकट पातेले, वाळलेल्या ताटल्या आणि उभे पेले, एकत्र लावून इको प्रोग्रॅमचा निकाल पाहा. परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत चालू असतानाच ही परीक्षा घ्यावी. काचेवरचे पांढरे पूट लिंबूरसाने पुसले जात असेल, तर ते क्षार आहेत आणि मिठाची पातळी वाढवावी लागेल. पुसले जात नसेल आणि काच खरखरीत लागत असेल, तर ती झिजू लागली आहे आणि साबण किंवा तापमान कमी करावे. फिल्टर आठवड्यातून एकदा नळाखाली धुवावा, दाराच्या रबराच्या खाचेतला चिकट मळ पुसावा, आणि फवाऱ्याच्या हातांतील छिद्रे बंद दिसली तर ती टाचणीने मोकळी करावीत.